टोमॅटो, चीज आणि आईचं दुसरं लग्न

आमच्या आईने एकसष्टाव्या वर्षी पुन्हा लग्न करायचं ठरवलं, तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या रॉबर्टसन गावात तिला कोणी नावं ठेवली नाहीत. शेजारच्या आंटी मीनाने तर आनंदाने रडून घेतलं. विघ्न आणलं ते माझ्या दोन भावांनी, आणि तेही लग्नावरून नाही, होणाऱ्या नवऱ्याच्या जेवणावरून.

"मांस खात नाही म्हणजे?" थोरला एल्रॉय म्हणाला. तो द्राक्षाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवतो आणि मटणाचा चॉप हातात धरूनच विचार करतो. "अजिबात नाही? चिकनसुद्धा?"

"चिकन काय झाडाला लागतं?" आईने विचारलं.

"मग खातो काय?" हा धाकटा, ग्रँव्हिल.

"बीन्स, भाज्या, ब्रेड, चीज. माणसं खातात तेच. तुमच्यासारखा भाजलेल्या चरबीच्या तुकड्यासाठी पुतण्यांशी भांडत नाही."

"वाईन?"

"नाही."

"बिअर तरी?"

"नाही म्हटलं ना."

"कॉफी?"

आईने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "कॉफी पण नाही! आणि आता शनिवारचं विचारू नका. शनिवारच्या चर्चचा आहे तो. सूर्य मावळेपर्यंत कामाला हात लावत नाही, विस्तव पेटवत नाही, काही नाही."

एल्रॉय खुर्चीत मागे रेलला. गावातलं एकेक घर द्राक्षावर नाहीतर वाईनवर जगतं, आणि आमच्या घरी शनिवारी दुपारी टीव्हीवर रग्बी आणि मागच्या अंगणात ब्राय हे ठरलेलं. अर्ध्या कापलेल्या पिंपात वेलींची खोडं पेटवायची, निखारे झाले की वर जाळी, जाळीवर मांस. बाबा गेले त्या आठवड्यातसुद्धा हे चुकलं नव्हतं.

"आई," एल्रॉय हळूच म्हणाला, "मग या माणसात शिल्लक काय राहतं?"

"सभ्यता," आई म्हणाली. "तुम्हाला दिसणार नाही. बघायची सवय नाही ना."

माझी आई, ट्रीना फोर्टाइन, ही वैतागलेलीच जन्माला आली असावी. फळांच्या पॅकिंग शेडमध्ये तिने उभं आयुष्य काढलं. समोरून पट्ट्यावर पीच, जर्दाळू सरकत जायचे आणि त्यातलं डागाळलेलं फळ तिने उचलून बाजूला टाकायचं. हजार फळांत एकावर नखाएवढा डाग असला तरी तिचा हात बरोबर तिथे जायचा. मग शेड सुटली, पण नजर तीच राहिली. पाद्रीबाबांचं प्रवचन, माझं ड्रायव्हिंग, सुनांचे पडदे, सगळं तिच्यासमोरून पट्ट्यावर सरकतं आणि ती डाग शोधते. आम्हाला सवय झालीय. बाहेरच्याला पहिल्यांदा दम लागतो.

होणाऱ्या नवऱ्याला, फेस्टस अडोनिस यांना, तो लागला नाही. सरकारी दवाखान्यात दोघंही ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायला जातात. त्या दिवशी आईची फाईल सापडत नव्हती आणि ती खिडकीतल्या मुलीला अख्ख्या दवाखान्याचा इतिहास ऐकवत होती. बाकावरून एक शांत आवाज आला, "बाई, थोडं थांबा. आत्ता तुमचं प्रेशर मोजलं तर यंत्र फुटेल, आणि मला माझं पण मोजून घ्यायचंय."

आई तीन दिवस त्या माणसाच्या नावाने बोटं मोडत होती. पुढच्या महिन्यात मात्र तिने बरोबर त्याच दिवसाची वेळ मागून घेतली, तेव्हा मला शंका आली.

फेस्टसअंकल मॅकग्रेगरचे, आमच्याकडून डोंगराच्या दिशेने वीसेक मिनिटं. शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. उंच, किडकिडीत, हात मोठे पण चालणार अगदी हळू. त्यांची बायको लेना चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजाराने गेली. मुलं लांब, केपटाऊनकडे. बोलताना ते आधी वाक्य मनात जुळवून बघतात आणि मग बाहेर काढतात. तेवढ्यात आईची तीन वाक्यं होऊन जातात. मला ते पहिल्या भेटीतच आवडले. म्हटलं, या घरात निदान एक माणूस तरी कमी बोलणारा हवाच होता.

शनिवार जमत नाही म्हणून आईने फर्मान काढलं, ब्राय रविवारी, चर्चनंतर. ग्रँव्हिलने रग्बीचं रडगाणं गायलं. शेवटी पोरांनी शनिवारचीही केली आणि रविवारचीही केली. म्हणजे मांस दुप्पट झालं. याला म्हणतात आमचं घर.

पहिल्या रविवारी फेस्टसअंकल इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि आंब्याच्या ज्यूसचा डबा आणला. एल्रॉय विस्तवाशी होता. चॉप, सॉसेज, चिकनचे पाय, सगळं यथासांग झालं. अंकलनी ताटात लेट्यूस घेतलं, बटाट्याचं सॅलड घेतलं. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात ग्रँव्हिलची बायको बर्नडीन ओरडली, "अहो, थांबा! त्यात हॅम आहे! बारीक कापून घातलंय!"

अंकलनी काटा खाली ठेवला. कुणाला दोष दिला नाही, तोंड वाकडं केलं नाही. नुसता ठेवला. त्याने जास्तच लाज वाटली.

"काही हरकत नाही," आई म्हणाली, "आता ब्रेड येतोच आहे." आमच्याकडे ब्रायच्या शेवटी उरल्या निखाऱ्यांवर ब्रेड होतो. दोन स्लाईसच्या मध्ये टोमॅटो, कांदा, चीज, जर्दाळूची चटणी, मिरपूड, आणि तो दुहेरी जाळीत दाबून दोन्हीकडून भाजायचा. आई वर्षानुवर्षं हेच करत आली आहे. तिने ताट भरून सँडविच बाहेर आणली आणि एल्रॉयने ती त्याच जाळीत घातली, जिच्या तारांवरून अजून चॉपची चरबी थेंब थेंब गळत होती.

अंकल बघत होते. आई अंकलकडे बघत होती. मी आईकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता झालं.

"मला नको," अंकल हळूच म्हणाले. "पोट भरलंय."

"कशाने?" आई कडाडली. "लेट्यूसच्या दोन पानांनी? एल्रॉय! जाळी धुवायला हात झडले होते का तुझे?"

"आई, जाळी कोण धुतं? चव तिथेच असते!"

"तुझ्या डोक्यात पण तेच साचलंय, चरबी!"

पाहुणा उपाशी घरी गेला. आई भांडी अशी घासत होती की मी बाहेरच थांबले.

पुढच्या रविवारी अंकल आले ते काखेत उशीचा अभ्रा घेऊन. त्यात त्यांची स्वतःची जाळी होती, जुनी, दांड्याला तार गुंडाळलेली, पण आरशासारखी घासलेली.

"मिस्टर अडोनिस," ग्रँव्हिल म्हणाला, "जाळी आजारी आहे का? पांघरुणात गुंडाळून आणलीत."

अंकलनी वाक्य जुळवलं. "आजारी नाही. लाजाळू आहे. अनोळखी मांसाला घाबरते."

एल्रॉय हसला. त्याने हसायचं नाही असं ठरवून ठेवलं होतं, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं, तरी हसला. त्याने पायाने चार विटा सरकवल्या आणि पिंपाशेजारी अंकलसाठी वेगळा विस्तव मांडून दिला. मला वाटलं, सुटलो. भांडण मिटलं, आता तारीख ठरवा आणि केक सांगा.

पण खरी गोष्ट तिथे सुरू झाली. कारण अंकल जाळी अंगणात ठेवून स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी सुरी मागितली.

आईने टोमॅटो कापायला घेतले होते. तिचे काप म्हणजे जाडजूड, कुऱ्हाडीने फोडल्यासारखे. अंकलनी एक टोमॅटो घेतला आणि असा कापला की कापातून खिडकी दिसावी. मग त्यावर मीठ भुरभुरलं आणि काप चाळणीत पसरून ठेवले.

"हे काय चाललंय?" आईने विचारलं.

"पाणी सुटू देतोय. नाहीतर ब्रेड भिजतो."

"माझा ब्रेड आजवर कधी भिजला नाही."

ग्रँव्हिल फ्रिजमधून बिअर काढत होता. "भिजतो, आई," तो म्हणाला आणि जीव घेऊन पळाला.

पुढचा तास मी कसा काढला ते मलाच माहीत. आई चीजच्या वड्या पाडते, अंकल किसणीवर किसायला लागले, तेही बारीक बाजूने. आई लोणी आतून लावते, अंकल बाहेरून. आई कांदा कच्चा घालते, अंकलनी तो व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला. आई चटणी ओतते म्हटलं तरी चालेल. अंकलनी बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही, खिशातून कागदाची पुडी काढली आणि वाळवलेल्या थाइमच्या पाल्याची चिमूट टाकली. आणि प्रत्येक पायरीला तेच शांत वाक्य, "लेना असंच करायची."

पहिल्यांदा आईची सुरी थांबली. दुसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हो का?" आईचं 'हो का' ज्याने ऐकलंय, तो टोपी घेऊन निघून जातो. अंकल थाइम चुरत राहिले.

बाहेर एल्रॉय ओरडत होता, "अंकल, निखारे विझले! पुन्हा खोडं टाकू का? ब्रेड करताय का लग्नाचा झगा शिवताय?"

शेवटी ब्रेड झाला. आणि आता सांगते, इथे सगळं बिघडलं. तो ब्रेड चांगला झाला. चांगला म्हणजे अफाट. बाहेरून कुरकुरीत सोनेरी, आत चीज लांब तार धरतंय, टोमॅटो गोडसर, एक थेंब पाणी नाही. बर्नडीनने दुसरा मागितला. पोरांनी मांस ताटात टाकून ब्रेडवर झडप घातली. एल्रॉयने तीन खाल्ले आणि बोटं चाटत, काही विचार न करता म्हणाला, "आई, तू असा का नाही करत?"

आईने त्याच्या पुढचं ताट उचललं.

तिथून पुढचे रविवार म्हणजे माझ्या डोक्याला ताप. जे भाऊ या माणसाला उंबऱ्यात येऊ देत नव्हते, ते आता फोन करून विचारायला लागले, "अंकल फेस्टस येणार आहेत ना? त्यांची जाळी आणणार आहेत ना?" 'मिस्टर अडोनिस' कधीच गळून पडलं. ग्रँव्हिलने त्यांच्यासाठी द्राक्षाचा बिनदारूचा रस आणून ठेवला. आणि आई, जिने या माणसासाठी पोरांशी दोन महिने युद्ध केलं, ती आता पोरांच्या जागी जाऊन बसली.

"मला त्याचं काही खुपत नाही," ती मला फोनवर सांगायची. मी कामावर, हार्डवेअरच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक खिळे मोजतंय. "चीज किसू दे. चाळणी भरू दे. पण चार्लीन, माझ्या स्वयंपाकघरात त्या बाईचं नाव एका ब्रेडमागे पाच वेळा घेतो तो. मी तुझ्या बापाचं नाव घेते का? घेतलं का एकदा तरी?"

"आई, तू परवाच म्हणालीस की याकोबसला काळपट भाजलेला आवडायचा."

"ते मी ब्रेडबद्दल बोलले! त्याच्याबद्दल नाही!"

गिऱ्हाईकाने खिळे तसेच ठेवले आणि म्हणालं, तुमचं चालू द्या.

फुटायचं ते जर्दाळूच्या हंगामात फुटलं. त्या रविवारी उकाडा होता, माश्या होत्या, आईने नवीन चटणीची पहिली बाटली उघडली होती. वर्षातली पहिली. तिने स्वतः खपून केलेली. तिने एका स्लाईसवर ती लावली आणि स्लाईस अंकलच्या पुढे सरकवली. तिच्या परीने तो तह होता, हे मला कळलं. अंकलनी चमच्याच्या पाठीने चटणी निपटून पुन्हा बशीत ठेवली, अगदी नीट, आणि म्हणाले, "लेना चटणी घालत नसे."

"मग लेनालाच विचार," आई म्हणाली, "करते का तुझ्याशी लग्न."

बोलून झाल्यावर तिचा स्वतःचाच चेहरा उतरला. पण माघार घेणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. अंकलनी या वेळी वाक्य जुळवलंच नाही. जाळी पुसली, अभ्र्यात घातली, एल्रॉयच्या खांद्यावर हात ठेवून "येतो" म्हणाले, आणि त्यांचा जुना पिकअप गल्लीच्या टोकाला वळला.

त्यानंतरचे दिवस विचारू नका. आईने सगळी कपाटं रिकामी करून धुतली. आंटी मीना सहानुभूती दाखवायला आली, तर तिला तिच्याच कुंपणाच्या वाढलेल्या झुडपाबद्दल ऐकावं लागलं. रविवारी आईने आपल्या पद्धतीचा ब्रेड केला, जाड टोमॅटो, भरपूर चटणी, आणि सगळ्यांनी मान खाली घालून खाल्ला. कुणी 'ओला आहे' म्हणालं नाही, कुणी 'छान आहे' म्हणालं नाही.

"काय झालं? जिभा झडल्या?" आईने विचारलं.

"काही नाही, आई."

"ओला आहे ना? बोला ना, ओला आहे!"

"थोडा," ग्रँव्हिल म्हणाला, आणि मला वाटलं आता ती ताटच फेकणार. ती आत गेली. एल्रॉय माझ्यापाशी आला. "जा, घेऊन ये त्यांना," तो म्हणाला. "मी जातो म्हणालो असतो, पण मी काय बोलणार? की अंकल, ब्रेडसाठी परत या?"

"त्यासाठीच बोलावतोयस ना?"

"नाही गं," तो चिडून म्हणाला. "ते गेल्यापासून या घरात मला कोणी एक वाक्य पुरं करू देत नाही."

मला एकटीला जावं लागलं नाही. पुढच्या रविवारी चर्चमधून बाहेर पडताना आई माझ्या गाडीत बसली, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मॅकग्रेगरला घे."

वाटभर तिने क्लच, रस्त्यावरचे खड्डे, कुणाच्या तरी पीचच्या बागेची चुकीची छाटणी आणि माझं आयुष्य, सगळ्याला धारेवर धरलं. तिला भीती वाटली की ती अशीच बोलते.

अंकलचं दार उघडंच होतं. आम्ही हाक न मारता आत गेलो. ते स्वयंपाकघरात मोरीपाशी उभे होते, पाठ आमच्याकडे, चर्चला न जायच्या दिवसाचा ढगळ स्वेटर. एका हातात कोरडी ब्रेडची स्लाईस, दुसऱ्या हातात अख्खा टोमॅटो. एक चावा याचा, एक चावा त्याचा. टोमॅटोचा रस मोरीतच गळावा, म्हणून तिथे उभे. ताट नाही, खुर्ची नाही.

आई दारातच थांबली. मला वाटलं, आता बाई माफी मागेल.

"हे जेवण आहे?" ती ओरडली. "फेस्टस! हे जेवण आहे तुझं?"

अंकल दचकून वळले. हनुवटीवर टोमॅटोचं बी. "ट्रीना," ते म्हणाले. "रविवार आहे."

"रविवार आहे ते मला माहीत आहे! चाळणी कुठे गेली? किसणी कुठे गेली? आमच्याकडे येऊन तास तास टोमॅटोला आंघोळ घालतोस आणि इथे बैलासारखा उभ्याने चावतोस?"

"एकट्यासाठी कोण करतं तेवढं?"

आई खुर्ची ओढून बसली. अंकलनी तोंड पुसलं. वाक्य जुळवलं, आणि मग जे आलं ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"आणि खरं सांगायचं," ते म्हणाले, "लेना तसंच करायची की नाही, मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी बघितलं कधी? मी त्या खोलीत कुणाचं तरी यंत्र खोलून बसलेला असायचो. ब्रेड हातात यायचा, मी खायचो. गेल्यावर वाटलं, तसा करून बघावा. आठवेना. चाळणी ओली असायची एवढं आठवत होतं. मग ती कशासाठी असेल, ते मी आपलं ठरवलं."

"लेट्यूस निथळायला असेल," आई म्हणाली. "चार पोरांची आई टोमॅटोला मीठ लावून वाट बघत बसते होय?"

"असेल."

"आणि ते थाइम?"

"खिडकीत कुंडी होती. ती कधीतरी घालत असणार ना."

"आणि चटणी?"

अंकलनी खांदे उडवले. डोळे भरले होते. "बाटली कधी टेबलावर पाहिली नाही. आत घालत असेल तर मला कसं दिसणार?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. मागे आई उठल्याचा आवाज आला. कपाटाची दारं उघडमीट झाली.

"चीज आहे घरात?"

"आहे. खालच्या कप्प्यात."

"तवा?"

"लटकवलाय."

"हा तवा? देवा! बरं. इकडे ये. बसू नकोस, उभा राहा. इथे, माझ्या बाजूला. आणि बघ. आता नीट बघून ठेव. उद्या मी मेले की दुसऱ्या कुठल्या बाईच्या घरी जाऊन माझ्या नावावर काहीही खपवशील."

"ट्रीना," अंकल म्हणाले, "मरायला तुला वेळ कुठे आहे?"

तिने त्यांना कोपर मारलं. टोमॅटो कापला, जाडच. मग थांबली, तोच काप मधून चिरून पातळ केला. चीज किसलं नाही, पण वडी पातळ पाडली. लोणी आतून लावलं, मग काहीतरी पुटपुटत बाहेरूनही लावलं. चटणी तिच्या पर्समध्ये होती. माझी आई चर्चला पर्समध्ये चटणीची बाटली घेऊन गेली होती, हे मला तेव्हा कळलं. ब्रेड तव्यावर घातला, वर जड भांडं ठेवून दाबला, अंकलला बोटाने दाखवलं, कडा बघ, रंग बघ, आता उलट, अरे आता, विझतोय का गॅस?

त्या ब्रेडचे तिने तीन तुकडे केले आणि आम्ही तिघांनी टेबलाशी बसून खाल्ले. आई पहिल्या घासाला हाय हाय करत फुंकर घालत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला कधी गरम ब्रेड खाताना मी पाहिलंच नव्हतं. ती वाढायची, आम्ही संपवायचो, उरला तर ती थंड खायची. मला कधी ते खटकलंही नव्हतं.

अंकलनी शेवटचा तुकडा गिळला. बोटं पुसली. वाक्य जुळवलं.

"चटणी जरा जास्त झाली."

मी डोळे मिटून घेतले.

"किती जास्त?" आईने विचारलं.

"चमचाभर."

"अर्धा कमी करीन. अर्धाच. त्याच्याखाली उतरणार नाही."

"अर्धा चालेल."

मार्चमध्ये, द्राक्षतोडणी उरकल्यावर, त्यांचं लग्न झालं. एका रविवारी दुपारी, आमच्या अंगणात, दोन चर्चचे दोन पाद्री, म्हणजे प्रार्थनाही दोन आणि दोन्ही लांब. एल्रॉयने द्राक्षाच्या रसाचा पेला उंचावून भाषण केलं आणि पहिल्यांदा ते कुणी तोडलं नाही, म्हणून त्याला ते संपवायचं कुठे ते कळेना. आता आमच्याकडे शनिवारी अंकल टोपी घालून चर्चला जातात, रविवारी आई. ब्राय रविवारीच. शनिवारची रग्बी ग्रँव्हिल सासरी बघतो.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. सोमवारी सकाळी आईचा फोन ठरलेला. तो दार हळू लावतो, तो कांदा हळू कापतो, तो देवाची प्रार्थनासुद्धा इतकी हळू करतो की सूप निवतं. मागून अंकलचा आवाज येतो, "ट्रीना, चार्लीनला कामावर उशीर होतोय," आणि मग ती त्यावरून सुरू होते.

गेल्या रविवारी आग्नेयेचा वारा सुटला होता. असा की आंटी मीनाच्या दोरीवरची चादर आमच्या लिंबाला येऊन अडकली. विस्तव पेटेना. एल्रॉयने तीनदा पेटवला, तीनदा राख सगळ्यांच्या डोळ्यांत. पोरं भुकेने रडत होती, ताटातल्या कच्च्या सँडविचवर धूळ बसत होती, आणि आई वाऱ्यावर, खोडांवर, पिंपावर, दोन्ही मुलांवर आणि नगरपालिकेवर एकाच दमात ओरडत होती. अंकल पत्र्याचा मोठा तुकडा दोन्ही हातांनी आडवा धरून उभे होते. पत्रा थरथरत होता, ते थरथरत होते, तोंडातून शब्द नाही.

आई त्यांच्याकडे वळली. "आणि तू! तू बोल ना काहीतरी!"

"काय बोलू?"

"काहीही बोल! मी एकटीच कधीची बोलतेय!"

अंकलनी विचार केला. पत्रा जरा घट्ट धरला.

"वारा आहे," ते म्हणाले.